चार इंच कमी

दुकानात तीस इंची बेस गिटार मागितली की समोरचा आधी आपले हात बघतो. मग विचारतो, "मुलासाठी हवीये का?" शॉर्ट स्केल म्हणजे नवशिक्यांची, नाहीतर बोटं पुरत नाहीत त्यांची सोय, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की मुरलेले वादकही ती घेताना जरा ओशाळतात. ओशाळण्याचं काही कारण नाही. बघायचं असतं ते वेगळंच: तिची सगळ्यात जाड तार, खर्जातली ई, नीट बोलते का?

नटपासून ब्रिजवरच्या सॅडलपर्यंत तारेची जी लांबी मोकळी थरथरते, ती स्केल. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणली तेव्हा ही लांबी ३४ इंच ठेवली आणि पुढे सगळ्यांनी तोच आकडा प्रमाण मानला. पण तो काही निसर्गनियम नव्हे. गिब्सनने १९५३ मध्ये साडेतीस इंचांची बेस काढली. ती व्हायोलिनच्या आकाराची होती, आणि खाली ओढून काढायची एक दांडी होती. वाटलं तर डबल बेससारखी जमिनीवर टेकवून उभ्याने वाजवा.

कीर्ती मात्र होफ्नरच्या वाट्याला आली. १८८७ मध्ये बोहेमियातल्या शोनबाख गावी, म्हणजे आताच्या झेक प्रजासत्ताकातल्या लुबीत, सुरू झालेली ही वाद्यं घडवणाऱ्यांची पेढी. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मनभाषकांची हकालपट्टी झाली आणि शोनबाखचे कारागीर बव्हेरियातल्या बुबेनरॉइटला येऊन वसले. १९५०च्या दशकाच्या मध्यावर वाल्टर होफ्नर यांनी ५००/१ ही बेस घडवली, ती हाताला जे वळण होतं त्याच वळणाने: वर स्प्रूस, पाठीला मेपल, आतून पोकळ. वजन अडीच किलोच्या आसपास. भरीव लाकडाची फेंडर चार किलोंच्या घरात जाते. तासभर गळ्यात अडकवली की हा फरक खांद्याला कळतो.

१९६१ मध्ये बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने हॅम्बुर्गला ती सुमारे ३० पौंडांना घेतली. फेंडर परवडणारी नव्हती. शिवाय तो डावखुरा. दोन्ही बाजूंनी सारखी असलेली बेस डाव्या हाताने धरली तरी विचित्र दिसत नाही, हाही त्याचा हिशोब. ती बेस १९७२ मध्ये लंडनला एका व्हॅनमधून चोरीला गेली. पुढे ती एका घराच्या माळ्यावर सापडली आणि मालकाला परत मिळाल्याचं २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झालं.

विद्यार्थ्यांचं वाद्य हा शिक्का बराचसा फेंडरनेच मारला. १९६६ मध्ये आलेली त्यांची ३० इंची मस्टँग बेस विद्यार्थ्यांसाठीच्या मालिकेतली होती. पण तीच बेस रोलिंग स्टोन्सच्या बिल वायमनने वाजवली, टॉकिंग हेड्सच्या टीना वेमथने वाजवली. क्रीममधला जॅक ब्रूस गिब्सनच्या ईबी-३ वर गर्जत असे. आणि स्टॅन्ली क्लार्क? चांगला उंचापुरा माणूस, एरवी डबल बेस हाताळणारा. त्याची प्रसिद्ध अ‍ॅलेम्बिक पावणेएकतीस इंचांची. त्याला कोण म्हणणार, की तुझी बोटं पुरत नाहीत म्हणून?

सोय होते, हे मात्र खरंच. पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंत ३४ इंची बेसवर तेरा सेंटिमीटर बोटं ताणावी लागतात, ३० इंचीवर साडेअकरा. या दीड सेंटिमीटरवर मनगटाचं सुख अवलंबून असतं. पण फुकट काहीच मिळत नाही. तीच तार, तोच सूर, फक्त लांबी चौतीसवरून तीस केली तर ताण जवळजवळ बावीस टक्क्यांनी उतरतो. खर्जाची ई सेकंदाला जेमतेम ४१ कंपनं करते. ताण उतरला की ती ऐसपैस झुलते, फ्रेटवर आपटून झणझणते आणि बोट जरा जोरात दाबलं तरी सूर वर चढतो. उपाय म्हणून जाड तार घालावी, तर आखूड जाड तार ताठ असते आणि ताठपणामुळे तिचे वरचे स्वरांश मूळ सुराशी नीट जुळत नाहीत. चांगली शॉर्ट स्केल म्हणजे या ओढाताणीतून काढलेली वाट. तिचा आवाज ऐकायला छान लागणारा, गोल आणि भरदार.

म्हणून विकत घेताना अ‍ॅम्प्लिफायर जरा बाजूला ठेवा. अ‍ॅम्प सगळं झाकतो. आधी बेस कोरडीच वाजवा आणि ई तारेवर बाराव्या फ्रेटच्या वर जा. तिथे सूर विरघळला, नुसता धप्प आवाज आला, तर रंगावर भाळू नका. मग ट्यूनर लावून बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून काढलेला स्वर ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे सरकवायचं, उतरला असेल तर पुढे घ्यायचं. इथेच स्वस्त वाद्यं उघडी पडतात. ई तारेचं सॅडल शेवटपर्यंत मागे गेलंय, स्क्रूवरची स्प्रिंग पार चेपलीय आणि सूर अजूनही चढाच आहे, अशी बेस दिसली की नमस्कार करून निघावं. जुन्या स्क्वायर ब्राँकोवर तर दोन-दोन तारांना मिळून एकच सॅडल असे. चार तारा, दोन तडजोडी. शेवटी पट्टा अडकवून दोन्ही हात सोडा. बेसची मान जमिनीकडे जाऊ लागली तर पुढची सगळी वर्षं डावा हात वाजवायच्या ऐवजी ती पेलत बसणार. ईबी-३ सारख्या आकारांना ही खोड आहेच.

तारांत लोक सर्वात जास्त गंडतात. पाकिटावर शॉर्ट स्केल लिहिलंय म्हणून ती बसेलच असं नाही. होफ्नरवर तार ब्रिजला नव्हे, पार खालच्या टेलपीसला अडकते, म्हणून तिथे लांब तार लागते. तारेच्या गोळीपासून नटपर्यंतचं अंतर टेपने मोजावं. तारेची पूर्ण जाडी नट ओलांडून पुढे गेलीच पाहिजे. चौतीस इंचीची तार घातली तर जाड भागच खुंटीवर गुंडाळला जातो आणि तार बसते तिथेच पिचते. कापायचीच असेल तर आधी काटकोनात वाकवून मगच कापा, नाहीतर वरचं वेटोळं सैल होऊन तार मुकी होते. माझं मत विचाराल तर सपाट वेटोळ्याच्या, म्हणजे फ्लॅटवाउंड तारा. महाग असतात, पण वर्षानुवर्षं टिकतात आणि लहान बेसला त्यांचा ताण मानवतो. आपल्याकडे हे संच हवे तेव्हा मिळतीलच असं नाही, म्हणून घेताना दोन घ्यावेत.

होफ्नरवाल्यांनी चारही तारा एकदम कधी काढू नयेत. तिचा लाकडी ब्रिज कुठेच चिकटवलेला किंवा स्क्रूने कसलेला नसतो, तारांच्या दाबावर नुसता उभा असतो. त्यावर बारीक खाचा असतात आणि सॅडल म्हणून फ्रेटच्या तारेचे इवलेसे तुकडे एका खाचेतून दुसरीत सरकवायचे. एक-एक तार बदला; तरी भीती वाटली तर ब्रिजच्या कडेने पाटीवर मास्किंग टेप लावून जागेची खूण करून ठेवा.

आपली हवा हा आणखी एक प्रश्न. कोकणात नि मुंबईत पावसाळ्यात फ्रेटबोर्डचं लाकूड दमट हवा पिऊन फुगतं आणि मान मागे कलते. खालच्या फ्रेटांवर अचानक झणझण सुरू होते ती त्यामुळे. विदर्भातल्या उन्हाळ्यात उलट लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळव्याला टोचतात. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबून मधल्या, सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट दिसली की मान ठीक. नसेल तर मानेतला ट्रस रॉड पाव फेरा फिरवायचा, रात्रभर थांबायचं आणि मग पुन्हा बघायचं. रॉड अडला तर जोर न करता कारागिराकडे न्यावी; मान मोडली तर दुरुस्तीचा खर्च बेसच्या किमतीवर जातो. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, घाम तारा खातो.

पाच तारांची, खर्जाच्या बी पर्यंत उतरणारी बेस हवी असेल तर मात्र हे सगळं विसरा. तिथे चौतीसही कमी पडतात, पस्तीस मिळाली तर बघा.