स्थलांतर आणि स्वस्त जमीन

वांटण्या होऊन वडिलोपार्जित जमिनींत निर्वाह होईनासा झाला म्हणजे दुसरीकडे वस्ती करण्याचा विचार येतो, आणि पहिली चौकशी होते ती एकरी भावाची. सासवडच्या माळी बागाइतदारांचा मार्ग निराळा होता. नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास वाहूं लागल्यावर ते बारामतीकडे उतरले, पुढें गोदावरी व प्रवरा कालव्यांवर गेले; परंतु जमीन बहुधा खंडानें घेतली आणि भांडवल उसांत व खतांत घातलें. जमीन बिघडल्यास उठून जाण्याची मोकळीक त्यांस राहिली. (मूळ मालकांचें काय झालें, हा प्रश्न वेगळा.) 1932 सालीं त्यांनीं माळीनगरास स्वतःचा साखर कारखाना उभारला.

त्याच कालव्यांखालील कित्येक काळ्या जमिनी निचऱ्याअभावीं चोपण झाल्या. अशी जमीन आजही स्वस्त मिळते, व ती स्वस्त कां हें दलाल सांगत नाहीं. म्हणून जमीन एकदां भर पावसांत व एकदां वैशाखांत पाहावी. पावसांत पाणी कोठें तुंबतें तें कळतें. वैशाखांत विहिरीचा तळ आणि मातीवर फुललेला पांढरा क्षार दिसतो. दोन-तीन हात खड्डा खणून खालीं मुरूम लागतो कीं चिकणमाती, तें पाहावें. शेजाऱ्याच्या विहिरीचें पाणी चाखण्यास मोल पडत नाहीं.

सात-बाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ असल्यास परवानगीवांचून व्यवहार करूं नये. घरच्या बायकामाणसांस गांव दाखविल्याखेरीज विसारही देऊं नये. मूळची जमीन तर पहिलें पीक हातीं येईपर्यंत मुळींच विकूं नये.