एक मूल, दोन रिटर्न

अमेरिकेत दर दहा बाळांमागे साधारण चार बाळं अविवाहित आईच्या पोटी जन्माला येतात. त्यांतल्या कितीतरी मुलांचे आईवडील एकाच घरात राहतात, भाडं वाटून भरतात, पाळणाघरातून मुलाला आळीपाळीने आणतात. पण लग्न झालेलं नसलं की संयुक्त रिटर्न भरता येत नाही. १५ एप्रिलच्या आत दोघांनी आपापलं वेगळं रिटर्न भरायचं, आणि मूल त्यांतल्या एकावरच दाखवायचं.

रक्कम लहान नाही. २०२५ या करवर्षासाठी सतरा वर्षांखालच्या मुलामागे २,२०० डॉलरपर्यंत चाइल्ड टॅक्स क्रेडिट आहे. मूल आपल्याकडे असलेल्या आणि घराचा निम्म्याहून अधिक खर्च उचलणाऱ्या अविवाहित पालकाला ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’चा दर्जा मिळतो, त्याचं स्टँडर्ड डिडक्शन १५,७५० ऐवजी २३,६२५ डॉलर होतं. शिवाय कमी कमाईच्या पालकासाठी अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट आहे, एका मुलामागे जास्तीत जास्त ४,३२८ डॉलर.

‘मी जास्त खर्च करतो, म्हणून मूल माझ्या रिटर्नवर’ हा युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो. कायदा मात्र आईवडिलांच्या खर्चाची तुलनाच करत नाही. खर्चाबाबत तो एवढंच पाहतो, की मुलाने स्वतःच्या पैशांतून आपला निम्म्याहून अधिक खर्च भागवलेला नसावा. आईवडील वेगळे राहत असतील तर खरी मोजणी रात्रींची: वर्षात मूल कुणाकडे जास्त रात्री होतं? रात्री समान निघाल्या, तर ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्याकडे हक्क जातो. ३६५ रात्रींची समान वाटणी सहसा होत नाही. २०२४ सारख्या लीप वर्षात मात्र १८३-१८३ होऊ शकते. मला ही मोजपट्टी न्याय्य वाटते. महिन्याला पैसे पाठवणं महत्त्वाचं आहेच, पण तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी जो जागतो, त्याच्या कष्टांची पावती कुठेच फाटत नाही. रात्री मोजल्या की निदान त्यांची नोंद होते.

एकाच घरात राहणाऱ्या जोडप्याला या मोजणीचा उपयोग नाही. मूल दोघांच्याही अटींत बसतं, म्हणून कुणी दाखवायचं ते त्यांनी आपसांत ठरवावं, अशी मुभा आहे. इथे आकडेमोड करूनच निर्णय घ्यावा. समजा आईची पगाराची कमाई ८०,००० डॉलर, वडिलांची ३०,००० आणि घरखर्चाचा मोठा वाटा आईचा. मूल आईने दाखवलं तर ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’मुळे सुमारे २,६०० आणि क्रेडिटचे २,२००, म्हणजे साधारण ४,८०० डॉलर वाचतात. वडिलांनी दाखवलं तर तेच २,२०० आणि अर्न्ड इन्कम क्रेडिटचे सुमारे ३,२५०, म्हणजे जवळपास ५,४५०. घरात येणारा पैसा कमी कमावणाऱ्याच्या रिटर्नमुळे वाढतो! पण एकमत न होता दोघांनीही मूल दाखवलं, तर उत्पन्न जास्त म्हणून हक्क आईकडे जातो आणि तो फरक हातचा जातो.

वेगळ्या राहणाऱ्यांना आणखी एक वाट आहे: फॉर्म ८३३२. ज्याच्याकडे मूल जास्त रात्री असतं, तो पालक या फॉर्मवर सही करून चाइल्ड टॅक्स क्रेडिट दुसऱ्याला देऊ शकतो. जातं ते फक्त हेच क्रेडिट. अर्न्ड इन्कम क्रेडिट, पाळणाघराच्या खर्चाचं क्रेडिट आणि ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ यांचा हक्क त्याच्याकडेच राहतो. अनेक वडील कोर्टाचा हुकूम दाखवून वाद घालतात. हुकूम २००८ नंतरचा असेल, तर अमेरिकेची करयंत्रणा आयआरएस तेवढ्याने थांबत नाही, तिला सही केलेला फॉर्म लागतो. तेव्हा कोर्टात तडजोड होत असतानाच त्यावर सही घ्यावी.

भारतातून गेलेल्या मराठी माणसाचा इथे सहज गोंधळ होतो. आपल्याकडे जुन्या करप्रणालीत शाळेची ट्यूशन फी आई आणि वडील आपापल्या वाट्यापुरती ८०सी खाली दाखवू शकतात; तिकडे अशी वाटणी नाही. शिवाय भारतात जन्मून एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर गेलेल्या मुलाला सोशल सिक्युरिटी नंबर नसतो, त्यामुळे २,२०० डॉलरचा प्रश्नच मिटतो आणि ५०० डॉलरच्या लहान क्रेडिटवर भागवावं लागतं.

या नंबरचं महत्त्व जुनं आहे. १९८७ च्या रिटर्नपासून पाच वर्षांवरच्या मुलांसाठी तो सक्तीचा झाला आणि देशभरातल्या रिटर्नवरून सुमारे ७० लाख अवलंबित एकाएकी गायब झाले. काही मुळात नव्हतेच, काही दोन्ही पालकांच्या रिटर्नवर होते. आज एकाच नंबरावर दुसरं ई-रिटर्न आलं, तर ते सहसा परत येतं. कागदी रिटर्न पाठवलं, तर दोघांनाही सीपी८७ए ही नोटीस जाऊ शकते: चूक तुमची असेल तर १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरा. कुणीच माघार घेतली नाही, तर तपासणी लागते. तेव्हा शाळेच्या आणि दवाखान्याच्या नोंदी विचारल्या जातात, मुलाचा पत्ता आणि तारखा असलेल्या. बेफिकिरीने खोटा दावा केल्याचं ठरलं तर ही क्रेडिट्स दोन वर्षं बंद होतात, फसवणूक ठरली तर दहा वर्षं.