नाण्यावरची आरोग्यदेवी

रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचे एक चांदीचे नाणे आहे. नाव डिनारियस, ‘दिनार’ हा शब्द त्यावरूनच आला. आकार साधारण आपल्या जुन्या पंचवीस पैशांएवढा. एका बाजूला दाढीवाला सम्राट, दुसऱ्या बाजूला वेदीजवळ उभी असलेली स्त्री. वेदीला वेटोळे घातलेला साप मान उंचावून तिच्या हातातल्या पसरट थाळीतून खातो आहे. भोवती अक्षरे आहेत, ‘सालुटी औग कॉस ३’. जागा अपुरी, म्हणून शब्द तोडलेले. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचणाऱ्यांना हे नवे नाही. अर्थ असा : सम्राटाच्या सालुसला, म्हणजे आरोग्यदेवीला, तीन वेळा कॉन्सल.

इ.स. १६५ पासून सैन्याबरोबर आलेल्या साथीने रोमला ग्रासले होते. गेलन या वैद्याने वर्णिलेल्या पुरळावरून तो देवीचा रोग असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मग हे नाणे साथीचा पुरावा म्हणायचे का? घाई नको. सालुस नीरोच्या डिनारियसवरही आहे आणि तिथे तिचा संबंध इ.स. ६५ च्या कटातून तो बचावला याच्याशी जोडतात. लॅटिनमध्ये ‘सालुस’ म्हणजे आरोग्य, तसेच सुखरूपताही. नुसत्या तापावरून मलेरिया ठरवत नाहीत, तसेच हे.

काराकाल्लाचे निदान सोपे आहे. तो आजारी होता आणि बरे वाटावे म्हणून देवांच्या दारी फिरत होता, असे समकालीन इतिहासकार कॅसियस डिओ सांगतो. इ.स. २१५ च्या त्याच्या डिनारियसवर वैद्यांचा देव एस्क्युलेपियस उभा आहे. हातात काठी, तिला एकच साप. (अनेक दवाखान्यांच्या पाट्यांवर दिसणारा दोन सापांचा, पंखांचा दंड मर्क्युरीचा. रोमन नाण्यांवर तो शांतता आणि भरभराटीची खूण म्हणून येतो.)

त्याच वर्षी काराकाल्लाने नवे नाणे काढले. किंमत दोन डिनारियसची, चांदी जेमतेम दीडाची. पुढे २५१ ते २५३ या काळात, पुन्हा साथ पसरलेली असताना, ट्रेबोनियानस गॅलसच्या अशा नाण्यांवर ‘आपोल सालुतारी’, म्हणजे आरोग्यदाता अपोलो, अवतरला. चांदी मात्र घटतच गेली. गॅलिएनसच्या अखेरच्या वर्षांत ती पाच टक्क्यांच्याही खाली आली. उरले तांबे आणि वर चांदीचा पातळ मुलामा. त्याच्याही नाण्यांवर सालुस सापाला भरवते आहे. मुलामा झिजला की ती तांबडी दिसते.