विजेची राखण (लेखांक ५) : आधी सांगू तर द्या

चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरात, रात्रपाळीला निघालेल्या माणसाला रस्त्याकडेच्या झुडपात काही हललेलं दिसलं, तर तो ते बोलून दाखवतो. पुढे रानडुक्कर निघालं तरी त्याला हसायचं नसतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच परिसरात कामावरून घरी परतणाऱ्या कामगाराला वाघानं मारलं, आणि त्याच दिवसांत शेजारच्या दुर्गापुरात एक मुलगा बिबट्याच्या हल्ल्यात गेला. शंका आली की सांगायची, ही सवय इथं जिवाच्या किमतीनं आलेली आहे.

हीच सवय संगणकापुढे बसल्यावरही असायला हवी, एवढंच मला आज सांगायचं आहे.

चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्र २९२० मेगावॅटचं. अशा केंद्रात बॉयलर, टर्बाइन कंट्रोल रूममधल्या पडद्यांवरून चालतात. ही यंत्रणा कार्यालयातल्या ईमेल-इंटरनेटपासून वेगळी ठेवणं हा पहिला नियम. पण दोन्हीकडे ये-जा करतात ती माणसं: दुरुस्तीला आलेल्याचा लॅपटॉप, घाईत लावलेला पेन ड्राइव्ह.

अशी एखादी वाट मिळाली तर काय होतं, ते युक्रेनच्या उदाहरणात नीट पाहू. २३ डिसेंबर २०१५ला दुपारी तिथल्या तीन वीजवितरण कंपन्यांच्या कंट्रोल रूममध्ये पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला आणि ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत ब्रेकर उघडत गेले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. शेवटी कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांवर जाऊन हातानं ब्रेकर लावले, तेव्हा काही तासांत वीज आली. पण सुरुवात कित्येक महिने आधीची होती. कार्यालयात आलेल्या ईमेलसोबतची फाइल कुणीतरी उघडली, ‘मॅक्रो चालू करा’ या सूचनेवर ‘हो’ म्हटलं. तिथून हल्लेखोर आत शिरले आणि पासवर्ड गोळा करत राहिले. ती फाइल विचित्र वाटली, असं त्या महिन्यांत कुणी सांगितलं असतं तर तपासायला भरपूर वेळ होता.

आपल्याकडे १२ ऑक्टोबर २०२०ला मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. सायबर हल्ल्याची शक्यता राज्याच्या गृहमंत्र्यांनी मार्च २०२१ मध्ये मांडली; केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हेच कारण सांगितलं. तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुवीजकेंद्राचं प्रकरण मात्र स्पष्ट आहे. २०१९ मध्ये तिथल्या प्रशासकीय कामाच्या, इंटरनेटला जोडलेल्या एका संगणकात घातक प्रणाली सापडली, हे अणुऊर्जा महामंडळानं स्वतः मान्य केलं. नियंत्रण यंत्रणा वेगळी होती, म्हणून ती वाचली.

आता मुद्द्याचं. वीजकेंद्रातल्या माणसाला शिस्त नव्यानं शिकवावी लागत नाही. परमिट घेतल्याशिवाय तो मोटरला हात लावत नाही. ब्रेकर बंद, कुलूप, ‘काम चालू आहे’ची पाटी, मगच पाना. साहेब घाईत असले तरी परमिट मागण्यात उद्धटपणा नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर साहेबांच्या नावानं पासवर्ड मागणारा निरोप आला, तर “साहेब, तुम्हीच पाठवलाय ना?” असं फोन करून विचारणंही तितकंच रीतसर मानलं पाहिजे. आणि त्या फोनवर साहेबांनी “बरं केलंस विचारलंस” म्हणावं. त्या एका वाक्यानं जे होतं, ते दहा परिपत्रकांनी होत नाही.

सर्वांत मोठी अडचण कंत्राटी कामगाराची. चुकीचा दुवा उघडला हे कायम कर्मचारी निदान शेजारच्या टेबलावर बोलेल. कंत्राटी माणूस आधी गेटपासचा विचार करतो, कारण गेटपास गेला की घरची चूल थांबते. म्हणून तो गप्प राहतो. याचा दोष मी त्याला देणार नाही. पहिल्या दहा मिनिटांत स्वतःहून सांगणाऱ्यावर कारवाई नाही, हे लेखी हवं, मराठीत हवं, आणि कंत्राटदाराच्या करारातही हवं.

घाई कशाची, तर ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. पाळी असते आठ तासांची. रात्री पाळीच्या सुरुवातीला घडलेली गोष्ट ‘सकाळी बघू’ म्हणून ठेवली, तर मुदत पहाटेच संपलेली असते. पाळी बदलताना लॉगबुकात बेअरिंगचं तापमान लिहितात, कोळशाची स्थिती लिहितात. त्याखाली एक ओळ वाढवायची: संगणकावर काही वेगळं दिसलं का? ‘नाही’ असलं तरी सही करून लिहायचं.

पुढील लेखांकात : पेन ड्राइव्ह गेटवरच तपासण्याची सोय कशी करायची.