ताडीचा स्वाद आणि प्रहर

बिअरचे नानाविध प्रकार चाखून त्यांविषयीचे अभिप्राय परस्परांस कळविण्याचा छंद युरोपात कितीही रूढ असला, तरी डहाणूहून घोलवडकडे जाणाऱ्या किनाऱ्यावरील चिखले गावाच्या परिसरात अशा रसिक चर्चेस खरोखर पात्र ठरणारे पेय म्हणजे ताडी होय. बिअरमध्ये भेद उत्पन्न होतो तो मोड आणलेले सातू किती भाजले, हॉप्स किती घातले आणि किण्व कोणते योजले यांवरून. ताडीत मात्र मनुष्याचे कर्तृत्व छेद देणे व मडके बांधणे एवढ्यापुरतेच, बाकी सारे झाड, हवेतील किण्व आणि ऊन पाहून घेतात. चुना फासलेल्या मडक्यात रात्रभर झिरपलेला रस सूर्योदयापूर्वी उतरविला तर ती मधुर, निर्मद नीरा. चुना नसेल तर तोच रस सकाळी गोडसर व फेसाळ, दुपारी आंबट व मादक, आणि पुढे शिरक्याच्या वाटेला लागलेला. शिवाय ताडाचा रस फुलोऱ्यास काप देऊन, तर शिंदीचा खोड तासून मिळवितात. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याच्या अमलात सरकारने झाडागणिक कर बसविला. हा कर झाडावर होता, प्रहरावर मात्र, सुदैवाने म्हणावे, नव्हता. म्हणून दोघांनी ताडीविषयी मतभेद मांडण्यापूर्वी झाड कोणते आणि वेळ कोणती, एवढे तरी ताडून पाहावे.