अळणी भाजीचा जिल्हा

1873 साली लंडन आणि पॅरिस इथल्या दोन डॉक्टरांनी आपापल्या ठिकाणी एकाच आजाराबद्दल लिहिलं. विल्यम गल आणि शार्ल लासेग. त्यांचे रुग्ण म्हणजे बहुतेक तरुण मुली होत्या. घरात खायला भरपूर, तरी न खाणाऱ्या, हाडांची काडं झालेल्या आणि वर ‘मला काही झालेलं नाही’ म्हणत दिवसभर हिंडणाऱ्या. गल यांनी या आजाराला ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिलं. त्याच सुमारास रत्नागिरीत जन्मलेला एक किडकिडीत मुलगा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाला आणि पहिलं वर्ष त्याने अभ्यास बाजूला ठेवून व्यायामाला दिलं. वर्ष गेलं, पण शरीर कमावलं. तो मुलगा म्हणजे बाळ गंगाधर टिळक. चरित्रकार ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात, आणि ती जिद्दीचीच आहे. पण शरीरापायी असं झपाटून जाणं मुलाच्या बाबतीत कौतुकाचं ठरतं आणि मुलीच्या बाबतीत कुणाच्या लक्षातही येत नाही, हे तेव्हापासून फारसं बदललेलं नाही.

लासेग यांच्या लिखाणात मुलीइतकंच तिचं घर दिसतं. घरचे आधी विनवण्या करतात, मग धाक दाखवतात, मग पुन्हा विनवण्या. तिच्या आवडीचे पदार्थ ताटात वाढतच जातात आणि ती आणखी हटून बसते. हळूहळू घरात दुसरा विषयच उरत नाही. गल यांनी तर नातेवाइकांना रुग्णापासून लांब ठेवावं असाच सल्ला दिला. म्हणजे या आजाराला नाव मिळालं त्याच वर्षी घर आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिलं.

त्या काळी आपल्याकडे बाईने काय खावं, किती वेळा खावं आणि कसं दिसावं हे तिच्या हातात कुठे होतं? देवरुखच्या दोन बहिणी, गोदूबाई म्हणजे पुढच्या बाया कर्वे आणि पार्वतीबाई आठवले, दोघींना लवकर वैधव्य आलं. दोघींनी पुढे आत्मकथनं लिहिली, ‘माझे पुराण’ आणि ‘माझी कहाणी’. विधवेचं केशवपन, एकवेळचं जेवण, लग्नकार्यात मागे राहणं हा त्या काळच्या कोकणातला रिवाज. त्याला आजार म्हणता येणार नाही. पण बाईचं घरातलं स्थान तिच्या ताटावरून आणि तिच्या डोक्यावरून ठरवायची सवय आपल्याला किती जुनी आहे, हे त्यातून कळतं.

आणि मग पालगड. दापोली तालुक्यातल्या या गावात साने गुरुजी वाढले. ‘श्यामची आई’मधलं अळणी भाजीचं प्रकरण मराठी माणसाला सांगावं लागत नाही. आई भाजीत मीठ घालायला विसरते, पण पंगतीत कुणी एक शब्द काढत नाही. सगळे जेवून उठतात, आई शेवटी पानावर बसते आणि पहिल्या घासाला तिला कळतं. आपण ही गोष्ट दुसऱ्याचं मन न दुखवण्याचा धडा म्हणून वाचत आलो. मला त्यातल्या दोन गोष्टी खटकतात. आईला सगळ्यात शेवटी कळलं, कारण ती सगळ्यात शेवटी जेवायला बसली. आणि पानावर बसून अप्रिय काही बोलायचं नाही, हा त्या घराचा अलिखित कायदा होता. मीठ नाही हे न बोलणारं घर मोठ्या मनाचं, यात शंका नाही. पण तेच घर ‘पोर महिनाभर नीट जेवत नाहीये’ हेही बोलत नाही.

पुढची काही दशकं रत्नागिरी जिल्हा मनीऑर्डरीवर जगला. पुरुष मुंबईच्या गिरणगावात, बाया घरी. म्हाताऱ्यांना पेज, पोरांना भात आणि जे उरेल ते आपल्याला. ते न खाणं परिस्थितीचं होतं, आणि त्याला ‘सोशिक’ असं शाबासकीचं विशेषण मिळालं. 1982 च्या गिरणी संपानंतर मनीऑर्डरी आटल्या, पण विशेषण टिकलं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. ज्या घरात आजी आणि आई दोघी पोटाला चिमटा घेऊन चांगल्या ठरल्या, तिथे नातीने ताट बाजूला सारलं तर पहिले काही महिने तिचंही कौतुकच होतं.

दरम्यान जगात घरावरचा खटला जोरात चालला होता. 1978 साली दोन मानसोपचारतज्ज्ञांची पुस्तकं आली. हिल्डे ब्रूख यांनी लिहिलं की सुखवस्तू घरातली, आईबापांच्या अपेक्षांना कायम पुरी पडणारी मुलगी स्वतःचं असं काही शोधायला जाते आणि तिच्या ताब्यात फक्त तिचं शरीर उरलेलं असतं. साल्वादोर मिनुचिन यांनी अशा घरांची लक्षणं मांडली. माणसं एकमेकांत अति गुंतलेली, मुलांना अति जपणारी, बदलाला तयार नसलेली आणि भांडण टाळणारी. हे वाचताना कोकणातलं कुठलंही मध्यमवर्गीय घर डोळ्यांसमोर येतं आणि इथेच या मांडणीची गोची आहे. अशी घरं गल्लीला दहा असतात, आजार मात्र एखाद्याच मुलीला होतो. पुढे जुळ्यांवरच्या अभ्यासांतून अनुवंशाचा मोठा वाटा दिसला. 2010 साली खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने कुटुंबाला या आजारांचं मूळ कारण मानण्याला स्पष्ट विरोध नोंदवला. तोवर दोन पिढ्यांच्या आयांनी ‘तुमच्यामुळेच झालं’ हे ऐकून घेतलं होतं. माझ्या मते त्या मांडणीत निरीक्षण खरं होतं आणि निकाल चुकीचा.

आपल्याकडे या आजाराची चाहूल उशिरा लागली आणि तीही वेगळ्या रूपात. 1995 मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या डॉक्टरांनी पाच तरुणींची हकिगत प्रसिद्ध केली. त्या खात नव्हत्या, उलट्या करत होत्या, पाळी बंद झाली होती, पण ‘मी जाड आहे’ असं त्यांच्या बोलण्यात येत नव्हतं. हाँगकाँगमध्येही तेव्हा असेच रुग्ण दिसत होते. भूक नाही, पोटात दुखतं, घास उतरत नाही, अशी त्यांची भाषा. आपल्या गावागावात अशी मुलगी आधी जंताच्या औषधावर जाते, मग टीबीच्या तपासणीला, मधे दृष्ट काढली जाते, गुरवाकरवी देवाला कौल लावला जातो. घरात काय चाललंय हा प्रश्न कुणी तिला एकटीला बसवून विचारलेला नसतो.

आरसा आला तो नव्वदीत. 1994 ला सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय जगज्जेत्या झाल्या, केबल घरोघर पोचली, 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली आणि मुंबईची फॅशन एका रात्रीत रत्नागिरीला उतरू लागली. याच वर्षांत फिजी बेटांवर मानववंशशास्त्रज्ञ अ‍ॅन बेकर यांनी एक नोंद केली. तिथे भरदार अंगाची बाई सुंदर मानत. 1995 ला टीव्ही आला. त्या वेळी वजनासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही शाळकरी मुलगी पाहणीत आढळली नव्हती. तीन वर्षांनी त्यांचं प्रमाण 11 टक्क्यांवर गेलं होतं.

आपल्याकडे पडद्याच्या जोडीला उपवास होता. संकष्टी, हरतालिका, सोळा सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार. उपवासाला दोष देण्याचं कारण नाही. पण ‘आज माझा उपवास आहे’ हे मराठी घरात ताट नाकारायचं सर्वांत प्रतिष्ठित निमित्त आहे, आणि आजारी मुलीला ते बरोबर सापडतं. ओळखायचं कसं? उपवासाला सोडण्याची वेळ असते. चंद्र उगवला की संकष्टी करणारी बाई मोदकावर ताव मारते. जिचा उपवास सुटण्याच्या वेळी पोटात दुखायला लागतं, तिच्याकडे बघा.

मग 2018 च्या आसपास सबंध महाराष्ट्र ‘दीक्षित की दिवेकर’ या वादात दोन गटांत विभागला. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच खा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, थोडंथोडं, वेळेवर आणि आपल्या मातीतलं खा. स्थूल आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या प्रौढांसाठीची ही चर्चा जेवणाच्या टेबलावर आली, आणि त्याच टेबलावर चौदा वर्षांची मुलगीही बसलेली होती. बाबांचं वजन चार किलोंनी उतरल्याचा आनंदोत्सव तिने पाहिला. त्या वयात तिला काय खावं हे कुणीच सांगितलं नव्हतं, कशाने कौतुक होतं एवढं मात्र समजलं.

गणपतीत चाकरमानी उतरतात तेव्हाचा ओटीवरचा प्रसंग बघा. चपला काढायच्या आत आत्याची नजर पोरीवर जाते. “काय गो, केवढी सुटलीस! आता पोहे कोण खाणार तुझ्या हातचे?” सगळे हसतात, पोरही हसते. दुपारी उकडीचे मोदक वाढताना तीच आत्या म्हणते, “दोनच? घे गो, सणाचं नको म्हणू नये.” सकाळी अंगावरून टोमणा आणि दुपारी पानात आग्रह, दोन्ही मायेनेच. पुढच्या वर्षी तीच पोर दहा किलोंनी उतरलेली दिसते तेव्हा आत्या म्हणते, “आता कशी छान दिसतेस!” या एका वाक्याने आजाराला जेवढं खतपाणी मिळतं तेवढं कुठल्याच जाहिरातीने मिळत नसेल. भावाचं वेगळंच. तो जिम लावून भात सोडतो आणि प्रोटीनचे डबे संपवतो, त्याला मात्र कुणी हटकत नाही.

घराची सुटका झाली ती उपचारांतून. 1987 मध्ये लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दाखवलं की लहान वयात सुरू झालेल्या आणि फार जुन्या न झालेल्या आजारात आईवडिलांनाच जेवणाची सूत्रं दिली तर मुली अधिक बऱ्या होतात. गल यांच्या सल्ल्याच्या हे बरोबर उलट होतं. आधी पालकांनी ठरवायचं, काय आणि किती. वजन सावरलं की हळूहळू ताबा मुलीकडे परत द्यायचा. मनातल्या गाठींचा विषय त्यानंतर. कारण उपाशी मेंदूशी वाद घालता येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा इथे अँसेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ते चिडचिडे, उदास झाले, दिवसरात्र खाण्याचाच विचार करू लागले, काहींनी पाककृती जमवायला सुरुवात केली. ते स्वतःहून प्रयोगात आले होते, त्यांच्या घरात कुणाचं काही चुकलं नव्हतं. पुष्कळसं विचित्र वागणं निव्वळ उपासमारीचं असतं, हे आईला कळलं तर तिचा निम्मा अपराधभाव उतरेल.

एकत्र कुटुंबात ही मॉड्स्लीची पद्धत जमेल का? जमेल, पण एका अटीवर. आईने ठरवलेल्या पानात आजीने ‘राहू दे, आज नको म्हणतेय तर’ असं म्हणायचं नाही, आणि काकाने ‘चार दिवस उपाशी ठेवा, आपोआप खाईल’ असंही नाही.

रत्नागिरीत राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे आणि गावातल्या मुलीला तिथे न्यायला पालक धजत नाहीत, कारण ‘लोक काय म्हणतील’. म्हणून सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांपासून करा. नाडी, रक्तदाब, पोटॅशियम तपासून घ्या. फार दिवस उपाशी असलेल्या मुलीला एकदम भरपूर खायला घालणंही जिवावर बेतू शकतं, तेव्हा ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. पाळी थांबणं, सारखी थंडी वाजणं, चक्कर, केस गळणं, जेवण झालं की लगेच न्हाणीघराची कडी लागणं, यातलं काही दिसलं तर वाट बघू नका. बोलायला कुणी नसेल तर सरकारची ‘टेली-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. आणि येत्या गणपतीत ओटीवर पाऊल ठेवताना पोरीच्या अंगाबद्दल, जाड असो की बारीक, काहीही बोलू नका. तिची परीक्षा कशी गेली ते विचारा.