सर्दी, कोरडी हवा आणि ह्युमिडिफायर

थंडीचे दिवस आले की पालकसभेत एक प्रश्न आता हमखास निघतो. मुलाला सर्दी झाली आहे, रात्री नाक चोंदते, खोकल्याने झोप मोडते. तर त्याच्या खोलीत ठेवायला ह्युमिडिफायर कोणता घ्यावा? ह्युमिडिफायर म्हणजे हवा दमट करणारे यंत्र. काही शे रुपयांच्या खेळण्यासारख्या यंत्रापासून काही हजारांच्या यंत्रापर्यंत अनेक प्रकार बाजारात मिळतात. 'तुम्ही विज्ञान शिकवता, तुम्हीच सांगा' असे म्हणून पालक शिक्षकांकडे पाहतात. या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी आपण एक उलटा प्रश्न विचारला पाहिजे: खोलीतील हवा कोरडी आहे, हे कशावरून ठरवले? नागपूरच्या घरात हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

आपण दोन दिवसांची तुलना करू. पहिला दिवस मे महिन्यातला. दुपारी तापमान ४२ अंश सेल्सियस, सापेक्ष आर्द्रता १६ टक्के. ओठ फुटतात, दोरीवरचे कपडे अर्ध्या तासात कडकडीत वाळतात. दुसरा दिवस डिसेंबरातला. पहाटे तापमान १२ अंश, सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के, गवतावर दव. कोणत्या हवेत पाणी जास्त? बहुतेक विद्यार्थी, आणि मोठी माणसेही, डिसेंबरकडे बोट दाखवतील. गणित मात्र वेगळे सांगते. ४२ अंशाला एक घनमीटर जागेत जास्तीत जास्त ५६ ग्रॅम बाष्प मावते. त्याचे १६ टक्के म्हणजे सुमारे ९ ग्रॅम. १२ अंशाला पावणेअकरा ग्रॅमच मावते. त्याचे ७५ टक्के म्हणजे सुमारे ८ ग्रॅम. म्हणजे ओठ फोडणाऱ्या मे महिन्याच्या हवेत दव पाडणाऱ्या हवेपेक्षा पाणी किंचित अधिकच आहे!

सापेक्ष आर्द्रता या शब्दातला 'सापेक्ष' आपण वर्गात नुसता उच्चारून पुढे जातो. त्याचा खरा अर्थ येथे कळतो. हवेत बाष्प किती आहे हे ती सांगत नाही, त्या तापमानाला जितके मावते त्याच्या किती टक्के आहे हे सांगते. त्यामुळे बाष्प तेवढेच ठेवून नुसते तापमान बदलले तरी आकडा बदलतो. मे महिन्याची तीच हवा २६ अंशांपर्यंत थंड केली तर आर्द्रता १६ वरून ४० टक्क्यांवर जाते. डिसेंबरची पहाटेची हवा घरात येऊन २२ अंशांपर्यंत तापली तर ७५ वरून ४० टक्क्यांवर उतरते.

आता ह्युमिडिफायरची शिफारस कोठून आली ते पाहू. ती थंड देशांतून आली. तेथे हिवाळ्यात बाहेर उणे १० अंश तापमान असते. इतक्या गार हवेत घनमीटरमागे सव्वादोन-अडीच ग्रॅमपेक्षा जास्त बाष्प मावतच नाही. ही हवा घरात घेऊन, दारे-खिडक्या बंद ठेवून २० अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता १२ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे आपली मे महिन्याची दुपार, तीही चोवीस तास आणि तीन-चार महिने. अशा घरात नाक कोरडे पडते, लाकडी सामानाला तडे जातात. तेथे हवेला पाणी पाजण्याचे यंत्र लागणे स्वाभाविक आहे.

नागपूरला थंडी पडत नाही असे नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी येथे ३.५ अंश तापमान नोंदले गेले होते. पण आपण घरे तापवत नाही. खोली १८ ते २२ अंशांवर असते, तीत माणसे श्वास सोडतात, स्वयंपाक होतो, ओले कपडे वाळतात. आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली क्वचितच जात असेल, आणि ४० ते ६० टक्के हीच सोयीची मर्यादा मानली जाते. थोडक्यात, यंत्राच्या खोक्यावरचा सल्ला खोटा नाही. तो दुसऱ्या हवामानातल्या घरासाठी लिहिलेला आहे.

आणि उन्हाळ्यात? उन्हाळ्यात नागपूरकरांच्या खिडकीत कितीतरी मोठा ह्युमिडिफायर बसलेला असतो. आपण त्याला कूलर म्हणतो. पंखा बाहेरची तापलेली हवा ओल्या ताट्यांतून ओढतो. पाण्याचे बाष्पीभवन होते, त्यासाठी लागणारी सुप्त ऊष्मा हवेतूनच घेतली जाते, आणि हवा थंड होते. वर घेतलेली ४२ अंशांची हवा चांगल्या कूलरमधून साधारण २६ अंशांवर आणि ७० टक्के आर्द्रतेने आत येते. ज्या घरात कूलर चालू आहे तेथे मुलासाठी आणखी ह्युमिडिफायर घेणे म्हणजे पावसात झाडांना पाणी घालणे होय. पावसाळ्याविषयी तर बोलायलाच नको. तेव्हा कूलरच निकामी होतो, कारण हवा आणखी पाणी घ्यायला तयार नसते.

आता नाकाकडे वळू. नाक स्वतःच एक उत्तम ह्युमिडिफायर आहे. फुफ्फुसात पोहोचेपर्यंत श्वासाची हवा ३७ अंशांची व बाष्पाने संपृक्त होते. म्हणजे घनमीटरमागे सुमारे ४४ ग्रॅम बाष्प. बाहेरून ८-९ ग्रॅम आले तर उरलेले ३५ ग्रॅम नाक-घशाचे अस्तर पुरवते. या अस्तरावर शेंबडाचा पातळ थर असतो आणि त्याखालच्या अतिसूक्ष्म केसांची, पक्ष्माभिकांची, सतत लाट चालू असते. धूळ व जंतू त्या लाटेवरून घशाकडे ढकलले जातात. हवा फार कोरडी असली तर हा थर घट्ट होतो आणि लाट मंदावते. ह्युमिडिफायरची कल्पना यावर आधारलेली आहे, आणि तर्क म्हणून ती बरोबर आहे.

पण तर्क बरोबर असणे आणि उपाय लागू पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चंदीगडच्या पीजीआय या संस्थेतील बालरोगतज्ज्ञ डॉ. मीनू सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्दीवर गरम दमट हवा देण्याच्या सगळ्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. २०१७ च्या आवृत्तीत त्यांचा निष्कर्ष असा, की या उपायाचा निश्चित फायदा दिसत नाही. टोरांटोला २००६ साली क्रुप नावाच्या घोगऱ्या खोकल्याच्या १४० मुलांवर प्रयोग झाला. काहींना १०० टक्के आर्द्रतेची हवा दिली, काहींना ४० टक्क्यांची. मुलांना पडलेल्या आरामात फरक आढळला नाही. आणखी एक गोष्ट आपल्या डोळ्यांसमोरची आहे. कोरड्या हवेने सर्दी-ताप वाढत असते तर भारतात फ्लूची साथ मे महिन्यात यायला हवी होती. देशाच्या बहुतेक भागांत ती पावसाळ्यात शिखर गाठते, हवा सर्वांत ओली असते तेव्हा.

एवढे सांगूनही कोणी म्हणेल, फायदा नसेना का, तोटा तर नाही ना? तोटा होऊ शकतो, आणि तो यंत्राच्या प्रकारावर अवलंबून आहे. म्हणून हा भाग सविस्तर पाहू.

एका प्रकारात पाणी उकळून वाफ सोडतात. दुसऱ्या प्रकारात ओल्या जाळीतून किंवा वातीतून पंखा हवा ओढतो. म्हणजे लहान कूलरच. तिसऱ्या प्रकारात तळाशी एक चकती सेकंदाला पंधरा-वीस लाख वेळा कंप पावते आणि पाण्याचे धुक्यासारखे तुषार उडतात. या शेवटच्याला अल्ट्रासॉनिक म्हणतात. तो स्वस्त, आवाज न करणारा आणि दिसायला देखणा असतो, त्यामुळे सर्वांत जास्त खपतो.

पहिल्या दोन प्रकारांत हवेत जाते ते फक्त बाष्प. पाण्यातले क्षार मागे राहतात. उन्हाळा संपता संपता कूलरच्या ताट्यांवर बसलेला पांढरा कडक थर प्रत्येक नागपूरकराने पाहिला आहे. तो थर म्हणजेच मागे राहिलेले क्षार. अल्ट्रासॉनिक यंत्रात मात्र बाष्पीभवन होत नाही, पाण्याचेच बारीक तुकडे होतात. त्यामुळे पाण्यात जे जे आहे ते ते हवेत जाते. तुषार वाळला की आतल्या क्षाराचा सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतो. टेबलावर, आरशावर बसणारी पांढरी भुकटी ती हीच.

याचे गणित नववी-दहावीच्या वर्गात सहज करता येईल. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या घटकांची भारतीय मानकातली इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. बोअरवेलच्या पाण्यात हे प्रमाण पुष्कळदा त्याहून जास्त असते. खोली ३ मीटर × ३.५ मीटर × ३ मीटर, म्हणजे ३१.५ घनमीटर. रात्रीतून एक लिटर पाणी उडवले तर ५०० भागिले ३१.५, म्हणजे घनमीटरमागे सुमारे १६ मिलिग्रॅम धूळ. ती सगळी हवेत राहत नाही. काही खाली बसते, काही फटींतून बाहेर जाते. समजा, शंभरातला एकच भाग तरंगत राहिला. तरी ते १६० मायक्रोग्रॅम होतात. बाहेरच्या हवेतील सूक्ष्म कणांची आपल्याकडील चोवीस तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. आजारी मुलाच्या उशाशी आपण विकत घेतलेले प्रदूषण! पाणी उकळून घेतल्याने जंतू मरतात, पण क्षार पूर्णपणे जात नाहीत. हे यंत्र वापरायचेच असेल तर ऊर्ध्वपातित पाणी वापरावे, निदान आरओचे तरी.

टाकीत साचलेल्या पाण्यात जिवाणू आणि बुरशी वाढतात, तेही तुषारांबरोबर उडतात. यावर उपाय म्हणून दक्षिण कोरियात १९९४ पासून टाकीत घालायचे जंतुनाशक विकले जाऊ लागले. त्यातील रसायने त्वचेवर फारशी अपायकारक नव्हती, पण तुषारांतून फुफ्फुसात गेल्यावर काय होईल हे कोणी नीट तपासले नव्हते. २०११ साली सेऊलच्या रुग्णालयात गर्भवती स्त्रिया फुफ्फुसाच्या अनाकलनीय विकाराने दाखल होऊ लागल्या, तेव्हा शोध लागला. सतरा वर्षे घराघरांत ते वापरले गेले होते. पुढे पाच हजारांहून अधिक लोकांना सरकारने बाधित म्हणून मान्य केले. त्यांत दगावलेली अनेक बालके होती. तेव्हा टाकीत औषध, सुगंधी तेल, कापूर, निलगिरी यांपैकी काहीही घालू नये. रोज पाणी ओतून टाकावे, टाकी घासून वाळवावी. पाण्याचे भांडे साचू न देण्याचा नियम कूलरलाही लागू आहे. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस घेतो, म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस पाळायचा.

वाफेचे काय? लहान मुलाला टोपल्याखाली किंवा चादरीखाली उकळत्या पाण्याच्या पातेल्याजवळ बसवणे आम्हाला मुळीच मान्य नाही. ६० अंशांचे पाणीही काही सेकंदांत कातडी भाजते. पातेल्यातले पाणी त्याहून कितीतरी गरम असते आणि मूल स्वस्थ बसत नाही.

एखाद्या घरी खरोखरच हवा कोरडी असेल तर? मोजून पाहावे. शाळेतील दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला मलमलीची ओली चिंधी गुंडाळा, तिचे टोक पाण्यात सोडा, आणि पंख्याच्या वाऱ्यात दहा मिनिटांनी दोन्ही वाचा. कोरडा २२ आणि ओला १६ दाखवत असेल तर आर्द्रता ५४ टक्क्यांच्या आसपास आहे. काही करण्याची गरज नाही. मे महिन्याच्या दुपारी व्हरांड्यात कोरडा ४२ आणि ओला २२ दाखवील. तेव्हा ती १६ टक्के. ४० टक्क्यांची खोली २२ अंशांवर ६० टक्क्यांपर्यंत न्यायला किती पाणी लागते? घनमीटरमागे सुमारे ४ ग्रॅम, म्हणजे खोलीला सव्वाशे ग्रॅम. एक चहाचा कप. हवा खेळती असली तर तासातासाला पुन्हा तितके. खुर्चीच्या पाठीवर पिळून टाकलेला ओला टॉवेल एवढे काम करतो, आणि क्षार टॉवेलातच राहतात. ६० टक्क्यांच्या वर मात्र जाऊ नये. तेथून बुरशी आणि धुळीतले माइट्स फोफावतात, आणि दम्याच्या मुलाला त्यांचा त्रास होतो.

सर्दीला औषधच द्यावे असे वाटणाऱ्या पालकांना २०२५ ची घटना सांगावी. त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या छिंदवाडा भागातील वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतील अनेकांवर उपचार नागपूरच्या रुग्णालयांत चालू होते. साध्या सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या एका औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विष सापडले. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालीही ती सर्वसाधारणपणे टाळावीत, असे कळवले. सर्दी आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते. नाकात साध्या सलाईनचे थेंब, अंगावरचे दूध किंवा भरपूर पातळ पदार्थ, आणि वर्षावरील मुलाला झोपताना चमचाभर मध, एवढे पुरते. वर्षाखालील बाळाला मध देऊ नये.

लक्ष ठेवायचे ते श्वासावर. मूल शांत किंवा झोपलेले असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास होत असतील, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल, तर ती साधी सर्दी नव्हे. मुलाला त्याच वेळी डॉक्टरांकडे न्यावे, रात्र असली तरी.